जंतू मेला का, हे कोण पाहणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



पित्त, छातीत जळजळ, बेंबीच्या वर दुखणं, दोन घास खाल्ले की पोट गच्च होणं. या तक्रारी घेऊन येणारी माणसं आपल्या खात्याच्या दवाखान्यांत रोज असतात, तशी तालुक्याच्या गावी बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांकडेही असतात. बहुतेकांना गोळी आणि पथ्य पुरतं. काहींची दुर्बिणीची तपासणी करावी लागते. जठरात किंवा त्याच्या पुढच्या आतड्यात अल्सर दिसतो, तिथला कणभर तुकडा तपासला जातो, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचं कळतं आणि चौदा दिवसांचा संच लिहून दिला जातो: दोन किंवा तीन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. मग चौदा दिवस संपतात, जळजळ थांबते आणि रुग्ण येईनासा होतो. आलाच तर डॉक्टर विचारतात, ‘‘आता बरं वाटतंय ना?’’ तो हो म्हणतो आणि केसपेपरवर ‘सुधारणा’ असं लिहिलं जातं.

जंतू मेला की नाही, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

क्षयरोगात आपलंच खातं असं चालू देत नाही. औषधं संपताना थुंकी तपासली जाते, निकाल निक्षय पोर्टलवर नोंदला जातो, आणि रुग्णाला बरं वाटतंय एवढ्यावर कुणी त्याला बरा झाला म्हणत नाही. जठरातल्या या जंतूलाही अँटिबायोटिक द्यावी लागतात, त्याच्यातही औषधाला दाद न देणाऱ्या जाती वाढत आहेत, आणि तरी त्याचा निकाल आपण रुग्णाच्या सांगण्यावर सोडला आहे. ही एक गोष्ट बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

बरं वाटणं हा पुरावा का होत नाही, ते आधी सांगतो. संचातली ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी गोळी आम्ल घटवते आणि आग त्या गोळीनेच शमते, जंतू असो वा नसो. अल्सरही तिने भरून येतो. अँटिबायोटिकने जंतूंची संख्या एकदम घसरते, पण थोडे जरी उरले तरी काही आठवड्यांत ते पुन्हा पसरतात. जंतूचा शोध लागण्याआधी अल्सरचे रुग्ण याच फेऱ्यात वर्षानुवर्षं अडकलेले असत. सिमेटिडीन किंवा रॅनिटिडीन घेतलं की अल्सर भरायचा, बंद केलं की बहुतेकांचा वर्षभरात परत यायचा. शेवटी जठराचा भाग कापायचा किंवा आम्लाचा हुकूम आणणारी नस तोडायची. पोटावर त्या शस्त्रक्रियेची उभी खूण असलेले आजोबा अजूनही तपासायला येतात.

हा फेरा तुटला तो ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये. रॉबिन वॉरेन हे पॅथॉलॉजिस्ट १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू पाहत होते. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू दिसत होता, पण प्रयोगशाळेत वाढत नव्हता, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही तर त्या बश्या टाकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, बश्या तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर त्यांत जंतू उगवलेला दिसला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. काही दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि दुर्बिणीतून त्यांच्या जठराला सूज आलेली दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लोकांना जंतू पिण्याचा प्रसंग आठवतो. मला सुट्टीचा आठवतो, कारण या जंतूचा स्वभाव त्यात आहे: तो सावकाश वाढतो आणि घाईने पाहणाऱ्याला सापडत नाही. संच संपल्या संपल्या तपासणी केली तर निकाल ‘नाही’ येतो, आणि तो खरा असेलच असं नाही. किमान चार आठवडे थांबावं लागतं.

जठरात अँटिबायोटिकचं काम इतकं अवघड का होतं, हेही आपल्यापर्यंत पोचायला हवं, कारण पुढच्या मागणीचं कारण त्यातच आहे. पायलोरी युरिएज नावाचं एन्झाइम मोठ्या प्रमाणात तयार करतो, त्याने युरियाचा अमोनिया होतो आणि जंतूभोवतीचं आम्ल शमतं. मग शेपट्या हलवत तो जठराच्या अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथेच राहतो. रक्तातून आलेलं औषध त्या थरात पुरेसं झिरपत नाही, आणि गोळीतून थेट आलेलं आम्लात फार टिकत नाही. शिवाय संचातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जंतूची भिंत बांधली जात असतानाच घाव घालू शकतं, म्हणजे जंतू विभागत असेल तरच. तीव्र आम्लात तो विभागत नाही, नुसता तग धरतो. म्हणून आम्ल घटवणारी गोळी हा संचाचा पाया आहे. ती आम्ल कमी करते, जंतू विभागू लागतो आणि विभागू लागला की अमॉक्सिसिलिनच्या तावडीत सापडतो. ती सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. आणि आग थांबली की रुग्ण अनेकदा सर्वांत आधी तीच गोळी सोडतो, कारण ती ‘पित्ताची गोळी’ आहे आणि पित्त तर गेलं, असं त्याला वाटतं. त्याला कुणी समजावलेलंच नसतं.

संचातल्या दुसऱ्या अँटिबायोटिकची, क्लॅरिथ्रोमायसिनची, तऱ्हा निराळी. ते जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला चिकटतं आणि काम थांबवतं. तिथल्या आरएनएच्या साखळीत नेमक्या जागी एकच घटक बदलला, की औषध चिकटत नाही. कोट्यवधी जंतूंत असे बदललेले थोडे आधीपासून असू शकतात. संच पूर्ण घेतला तर दुसरं अँटिबायोटिक त्यांना टिपतं. सहाव्या दिवशी सोडला, तर बाकीचे मेलेले असतात आणि मोकळ्या झालेल्या जठरात याच उरलेल्यांची वस्ती वाढते. एकाच माणसाच्या जठरात खालच्या टोकाला औषधाला दाद देणारे जंतू आणि वरच्या भागात न देणारे, असंही आढळतं. म्हणूनच एकदा क्लॅरिथ्रोमायसिन असलेला संच फसला तर ते पुन्हा देऊ नये, हा उपचाराचा नियम आहे. आता आपणच सांगा, संच फसला हे कळलंच नाही तर हा नियम पाळायचा कसा? वर्षाने आग परत येते, रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि तेच औषध नव्याने सुरू होतं.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे. पायलोरीच्या संचांत मेट्रोनिडाझोलही असतं, पण आव, जुलाब, मुरडा यांवर ते इथे इतकी वर्षं आणि इतक्या सढळ हाताने घेतलं गेलं आहे, की भारतातल्या निरनिराळ्या शहरांत तपासलेल्या पायलोरींपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त त्याला दाद देत नाहीत. त्या रुग्णांनी मेट्रोनिडाझोल घेतलं होतं ते पोट बिघडलं म्हणून. जठरातला पायलोरी तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, पण औषध त्याच्यापर्यंतही पोचत होतं आणि चिवट तेवढे उरत होते. क्लॅरिथ्रोमायसिनवर वार दुसऱ्या वाटेने होतो. घसा दुखला, ताप आला, खोकला झाला की अझिथ्रोमायसिन. २०१९ मधल्या खासगी औषधविक्रीचा जो अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेटच्या दक्षिण-पूर्व आशियासाठीच्या नियतकालिकात आला, त्यात देशात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हेच होतं. दोन्ही औषधं एकाच कुळातली, एकाला सरावलेला पायलोरी दुसऱ्यालाही सहसा दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा पायलोरी तिच्यात ‘उच्च’ प्राधान्याच्या गटात होता.

औषधांच्या दुकानांवरच्या नियंत्रणाबद्दल इथे लांबण लावत नाही, कारण तो विषय केंद्राचा आणि अन्न व औषध प्रशासनाचाही आहे. एवढंच नोंदवतो, की २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या एच-१ यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची आहे, आणि त्या मूळ यादीत लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक होतं, पण मेट्रोनिडाझोल, अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन नव्हती.

या औषधांनी मरतो तो एकटा पायलोरी नव्हे. जठरात पायलोरी ठाण मांडून असतो तेव्हा बाकीचे जंतू दबलेले असतात. तो गेला की तोंडातून, घशातून खाली येणारे स्ट्रेप्टोकॉकस, प्रेव्होटेला यांसारखे अनेक जण पुन्हा दिसू लागतात आणि जठरातली विविधता वाढते. जठरापुरतं हे चांगलं लक्षण आहे. मोठ्या आतड्यात मात्र त्याच चौदा दिवसांत विविधता खाली येते. तैवानमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तीन औषधांच्या संचानंतर आतड्यातली विविधता दोन महिन्यांत सावरली, पण चार औषधांच्या संचांनंतर वर्ष उलटलं तरी ती पूर्णपणे पूर्ववत झाली नव्हती. स्वीडनमध्ये मोजक्या रुग्णांना क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल असलेला एका आठवड्याचा संच देऊन पुढे चार वर्षं पाहिलं गेलं. काहींच्या आतड्यातल्या जंतूंत क्लॅरिथ्रोमायसिनच्या कुळाला निष्प्रभ करणारं जनुक चार वर्षांनीही टिकून होतं. एका आठवड्याच्या गोळ्यांचा हा माग आहे.

याचा अर्थ संच देऊ नये असा कुणी काढू नये. ज्याच्या अल्सरमागे पायलोरी आहे त्याला तो द्यायलाच हवा. अर्थ इतकाच, की शरीरातल्या बाकी जंतूंना ही किंमत मोजायला लावायची तर ती एकदाच, खात्री करून आणि पूर्ण. फसलेल्या संचात ती किंमत मोजली जाते आणि हाती काहीच लागत नाही. वर दुसरा संच, बहुधा जास्त औषधांचा, घ्यावा लागतो.

हाती काय लागू शकतं, तेही मोठं आहे. जंतू गेला की अल्सर परत येण्याचं प्रमाण अगदी थोडं राहतं. जठराच्या मंदगती माल्ट लिम्फोमात, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगात, केवळ अँटिबायोटिकने गाठ विरते, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये दाखवलं आणि आज तो त्या आजाराचा पहिला उपचार आहे. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पायलोरीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. चीनच्या शांडोंग प्रांतातल्या लिंचू इथे १९९५ मध्ये लोकांना दोन आठवड्यांचा उपचार दिला गेला होता. बावीस वर्षांनी पाहिलं तेव्हा उपचार घेतलेल्यांत जठराचा कर्करोग निम्म्याने कमी निघाला. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सामूहिक तपासणी आणि उपचार झाले, तिथेही हे प्रमाण निम्म्यावर आलं.

आपल्याकडे अशी सरसकट मोहीम मी मागत नाही. भारतात पायलोरीची लागण फार मोठ्या लोकसंख्येत आहे, पण मिझोरामसारखे भाग सोडले तर जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे. कोट्यवधी निरोगी माणसांना दोन-तीन अँटिबायोटिक देऊन काय साधेल आणि किती जंतू औषधांना निर्ढावतील, याचा हिशेब महाराष्ट्रात चीनसारखा लागणार नाही. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे, ज्यांना आपण संच आधीच देत आहोत.

त्यांची फेरतपासणी कशी व्हावी? रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी इथे कामाची नाही. जंतू गेला तरी प्रतिपिंडं पुढे दीर्घकाळ राहतात, त्यामुळे बऱ्या झालेल्याचाही निकाल ‘आहे’ येतो आणि त्याला विनाकारण पुन्हा औषधं मिळतात. तरीही तीच चाचणी सर्रास लिहिली जाते, कारण रक्त काढणं सोपं आहे. खरा निकाल देणाऱ्या दोन चाचण्या आहेत, आणि दोन्हींत दुर्बीण घालावी लागत नाही. एक श्वासाची: खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात, जंतू जिवंत असेल तर युरिएज तो फोडतो आणि तो कार्बन श्वासात उतरतो. त्यासाठी यंत्र लागतं, ते मोठ्या शहरांत आहे. दुसरी शौचाच्या नमुन्याची, त्यात जंतूचं प्रथिन शोधतात. खेड्यातल्या रुग्णासाठी ही दुसरी जास्त सोयीची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून महालॅबच्या व्यवस्थेने नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल परत येतात. हाच नमुना त्याच गाडीतून जाऊ शकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. उपचार फळला का हे पाहणं हाही त्या उपचाराचाच भाग धरावा, ही माझी विनंती आहे.

अडचण चाचणीची नाही, तिच्या आधीच्या दोन आठवड्यांची आहे. आम्ल घटवणारी गोळी चालू असेल तर जंतूंची संख्या इतकी दबते की निकाल खोटा ‘नाही’ येतो. म्हणून चाचणीआधी ती दोन आठवडे आणि कोणतंही अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. इथे तर सकाळी चहाआधी ही गोळी घेणारी माणसं घरोघरी आहेत, कित्येकांची ती वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ते तिला औषधात धरतच नाहीत. ‘काही औषध चालू आहे का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. म्हणून संच देतानाच हातात मोठ्या अक्षरांतली मराठी चिठ्ठी हवी: संच संपण्याची तारीख, पित्ताची गोळी थांबवण्याची तारीख, नमुना आणण्याची तारीख. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं, हेही तिच्यावर असावं. ज्यांना रक्ताची उलटी किंवा काळं शौच होऊन गेलंय, ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये, हे ठळक हवं.

त्याच चिठ्ठीच्या मागे आणखी चार ओळी लिहाव्यात, कारण संच अर्धवट सुटतो तो या चार ओळी कुणी न सांगितल्यामुळे. तोंड कडू होईल, नाण्यासारखी चव येईल. शौचाला पातळ होऊ शकतं. संचात बिस्मथ असेल तर शौच काळं होईल, त्याला घाबरू नका. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको. पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्णाचा धीर सुटतो. त्या दिवशी आशाताईंनी घरी डोकावून ‘गोळ्या चालू आहेत ना?’ एवढं विचारलं तर कित्येक संच वाचतील. अर्थात हे त्यांच्यावर फुकटचं आणखी एक ओझं होता कामा नये, या कामाचा मोबदला त्यांना मिळावा.

काही जण म्हणतील, आपल्या देशात पाणी आणि स्वच्छता अशी, जंतू मारला तरी पुन्हा होणारच, मग तपासायचं कशाला? लागण बहुधा लहानपणीच होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंतू गेलेल्या प्रौढांना पुन्हा लागण क्वचितच झालेली दिसली. पुष्कळदा ‘पुन्हा झाला’ म्हणतो तो मुळात गेलेलाच नसतो.

खर्चाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. अँटिबायोटिकला जंतू दाद देतो का, हे प्रत्येक रुग्णाच्या तुकड्यावर तपासणं आज शक्य नाही. पायलोरी वाढवायला खास हवा, खास माध्यम आणि सवयीचे हात लागतात. ते काही वैद्यकीय महाविद्यालयांतच जमेल. पण फेरतपासणीचे निकाल नुसते नीट लिहून ठेवले तरी जवळपास तेच ज्ञान स्वस्तात मिळतं. सोलापुरात अमुक संच शंभरांना दिला आणि त्यांतल्या सत्तरांचाच जंतू गेला असं दिसलं, तर तो संच सोलापुरात बंद करायचा. दहापैकी नऊ जणांचा जंतू गेला पाहिजे, हे जगभर धरलेलं माप आहे. युरोपात २०१३ पासून पायलोरीच्या उपचारांची अशी सामाईक नोंद ठेवली जाते आणि तिच्यावरून डॉक्टर औषधं बदलतात. सोलापूरचे आकडे मी उदाहरणादाखल योजले. खरे आकडे आज हातात नाहीत, आणि चौदा दिवसांचा संच लिहिणारा प्रत्येक डॉक्टर कुठल्या तरी दूरच्या शहराच्या भरवशावर तो लिहितो.

सुरुवात राज्यभर एकदम नको. विदर्भातला एक आणि कोकणातला एक असे दोन जिल्हे घ्यावेत, त्यांच्या जिल्हा रुग्णालयांत दुर्बिणीच्या तपासणीनंतर ज्यांना संच दिला जाईल त्या प्रत्येकाची सहाव्या ते आठव्या आठवड्यात शौचाची चाचणी व्हावी, आणि निकाल दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांना, खासगी धरून, कळवला जावा. पहिला संच फसलेल्या रुग्णाला दुसरा कोणता द्यायचा, हे कागदावर आधीच ठरलेलं असावं. आम्हा खासगी डॉक्टरांना त्याच नोंदवहीत निकाल भरता आले, तर भरणारे पुष्कळ निघतील. माझ्याकडच्या नोंदी मी पहिल्या दिवसापासून देईन.



आपला,
तालुक्याच्या गावी पोटविकारांचे रुग्ण पाहणारा एक डॉक्टर